क्रिप्टोस्पोरिडियम : पाळणाघर पुन्हा कधी उघडू?

चिमणघर

नमस्कार. प्रयोगशाळेत किंवा आरोग्य विभागात काम केलेलं कुणी असेल तर कृपया उत्तर द्या. घरगुती उपाय नकोत, ते सगळे ऐकून झाले.

मी लहानसं पाळणाघर चालवते. दोन खोल्या. मोठ्या खोलीत दीड ते चार वर्षांची १७ मुलं, छोटीत वर्षाच्या आतली ५ तान्ही. सांभाळायला मी धरून चौघीजणी. गेल्या दोन आठवड्यांत पाच मुलांना आणि आमच्या एका ताईंना जुलाब लागले. पाण्यासारखे, पोटात कळा, दोघांना उलट्या, थोडा ताप. रक्त कुणालाच नाही. पहिल्या मुलाच्या शौचाच्या रिपोर्टमध्ये काही निघालं नाही म्हणून मी निश्चिंत राहिले. मग दुसऱ्या एका मुलीच्या डॉक्टरांनी मुद्दाम वेगळी तपासणी करायला लावली आणि त्यात क्रिप्टोस्पोरिडियम आलं. हे नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं.

फरशी रोज ब्लीचने पुसून घेतली. खेळणी ब्लीचच्या पाण्यात बुडवून काढली. दाराशी सॅनिटायझरची बाटली टांगली. तरीही १९ तारखेला एक बाळ आजारी पडलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी पाळणाघर बंद केलं. आता एक आई म्हणते, आमच्याचे जुलाब थांबले, उद्या आणते. दुसरी म्हणते, प्रत्येकाचा स्वच्छ रिपोर्ट बघितल्याशिवाय कुणालाच आत घेऊ नका. दोघी फोनवर एकमेकींचं नाव घेऊन माझ्याशी भांडतात. कुणाचं ऐकू? आणि एवढं ब्लीच ओतून ते बाळ आजारी पडलंच कसं?

झटपट

ब्लीच कमी पडलं असेल, दुप्पट करा. आणि सगळ्या मुलांना एकदम जंताचं औषध देऊन टाका, विषय संपला. आमच्या ऑफिसात साथ आली होती तेव्हा सगळ्यांनी जुलाब बंद व्हायच्या गोळ्या घेतल्या, दुसऱ्या दिवशी कामावर.

सूक्ष्मदर्शी

झटपटराव, तुमचे तिन्ही सल्ले ह्या एका किड्यापुढे निकामी आहेत, म्हणून आधी तेच निस्तरतो.

ताई, मी डॉक्टर नाही. ३१ वर्षं प्रयोगशाळेत शौचाचे नमुने तपासले. जेवताना घरचे मला कामाबद्दल विचारत नसत. पुढे साथी आल्या की नमुने गोळा करायला आणि याद्या बनवायला मला बाहेर पाठवायचे. तेव्हा औषधाचं तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. किडा कसा फिरतो, एवढं मी सांगू शकतो.

क्रिप्टो हा जंत नाहीच. तो एका पेशीचा परजीवी आहे, त्यामुळे जंताच्या गोळीचा त्याला पत्ताही लागत नाही. टिझर नावाच्या शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये तो उंदरात पाहिला. माणसाला होतो हे कळायला १९७६ उजाडलं. आजारी माणसाच्या शौचातून ह्याचे ऊसिस्ट बाहेर पडतात. मराठीत ह्याला कुणी काय म्हणतं, कुणी काय, मी कवचबीज म्हणतो. आकाराने ४ ते ६ मायक्रॉन, म्हणजे रक्तातल्या लाल पेशीपेक्षाही लहान, आणि सगळी करामत त्या कवचात. पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन असेल तर जुलाबाचे नेहमीचे ई. कोलाय जिवाणू मिनिटभरात मरतात. जिआर्डिया ह्या दुसऱ्या परजीवीला पाऊण तास लागतो. क्रिप्टो त्याच पाण्यात सात दिवसांहून जास्त टिकतो. तुम्ही फरशी पुसून किती वेळ ओली ठेवत होतात? दहा मिनिटं? दुप्पट ब्लीचने बायकांचे हात सोलतील आणि पोरांना खोकला लागेल, बाकी काही होणार नाही. दाराशी टांगलेलं सॅनिटायझर तर काढूनच टाका. अल्कोहोल त्या कवचाला काहीही करत नाही, आणि बाटली दिसली की माणूस साबणाकडे जात नाही. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पहिला रिपोर्ट कोरा का आला, तेही सांगतो, कारण ह्यात बरेच जण फसतात. नेहमीच्या शौच तपासणीत हा सहसा दिसत नाही. स्लाइडला वेगळा रंग द्यावा लागतो, मॉडिफाइड झील-नील्सन. तो दिला की निळ्या किंवा हिरव्या पार्श्वभूमीवर गुलाबी-लाल गोल ठिपके दिसतात. यीस्टच्या पेशी आकाराने तशाच, पण त्या लाल होत नाहीत. नवीन मुलांना मी हेच आधी शिकवायचो. हल्ली अँटीजेन चाचणी आणि पीसीआर आहे, त्या जास्त खात्रीच्या. पण कोणतीही चाचणी डॉक्टरांनी नाव घालून मागितली तरच होते. शिवाय कवचबीजं रोज सारखी पडत नाहीत, एका नमुन्यात नसली तर दुसऱ्या दिवशीच्यात असतात. तेव्हा "काही आढळलं नाही" ह्याचा अर्थ बऱ्याचदा "ते शोधलंच नाही" एवढाच असतो.

आता दोन्ही आयांचं. शेवटचा पातळ जुलाब झाल्यापासून पुरे ४८ तास गेले की मूल परत घ्या. "थांबले, उद्या आणते" चालणार नाही, कारण ह्या आजारात दोन दिवस बरं वाटून जुलाब पुन्हा सुरू होणं नेहमीचं आहे. आणि स्वच्छ रिपोर्टही मागू नका. बरं झालेलं मूलसुद्धा पुढे काही दिवस, कधी आठवडे, थोडी थोडी कवचबीजं टाकत असतं. रिपोर्टवर अडून बसलात तर महिनाभर निम्मी मुलं घरी, आणि आयांच्या नोकऱ्या धोक्यात. घट्ट शी आणि साबणाने धुतलेले हात असले की त्या थोड्यांचा धोका बराच कमी होतो. अपवाद एकच, पोहणं. त्याला शेवटच्या जुलाबानंतर १४ दिवस बंदी, मोठ्यांनाही.

मला मात्र तुमच्याकडून एक यादी हवी. प्रत्येक आजाऱ्याची एक ओळ: वय, खोली, पहिला जुलाब कुठल्या तारखेला, त्याआधीच्या १४ दिवसांत कुठे गेला, काय प्यायला, कुठल्या जनावराला हात लावला, त्याचा लंगोट कोण बदलतं. नावं लिहू नका, अ ब क पुरे. यादी झाली की सांगतो ते बाळ कसं आजारी पडलं.

पोहरा

पोहण्याचा विषय निघाला म्हणून. मी तरणतलाव सांभाळतो. पाण्यात कुणी पातळ शी केली तर आम्ही सगळ्यांना बाहेर काढून तलाव बंद करतो, आणि पाण्यात लिटरला २० मिलिग्रॅम क्लोरीन पावणेतेरा तास टिकवून धरतो. पीएच साडेसातच्या वर नाही, पाणी २५ अंशांपेक्षा गार नाही. आणि हे आकडे स्टॅबिलायझर, म्हणजे उन्हात क्लोरीन टिकवायला घालतात ते सायन्यूरिक आम्ल, नसलेल्या पाण्याचे आहेत. ते असेल तर ह्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. नेहमीच्या १-२ मिलिग्रॅमने काही होत नाही. लोक तावातावाने विचारतात, क्लोरीनचा एवढा वास येतोय, मग भीती कसली? त्यांना सांगावं लागतं की वास जास्त म्हणजे पाण्यात घाम आणि लघवी जास्त. ताई, तुमच्याकडची मुलं किंवा त्यांची भावंडं कुठे पोहायला जात असतील तर त्या तलावाला आजच कळवा. आम्हाला नेहमी दोन आठवडे उशिरा कळतं.

चिमणघर

सूक्ष्मदर्शी काका, यादी केली. रात्री बसून सगळ्यांना फोन केले.

अ. तीन वर्षांचा, मोठी खोली. ३ तारखेला रविवारी संध्याकाळी सुरू. सोमवारी तरी पाठवलं होतं, दुपारी दोनदा पातळ झाली म्हणून घरी पाठवला. आधीच्या शनिवार-रविवारी मामाकडे होता, तिथे गोठ्यात दोन नवी वासरं. त्याने त्यांना बाटलीने दूध पाजलं, आईने फोटोही दाखवले.
ब, क. दोघी अडीच वर्षांच्या, मोठी खोली. ११ ला.
ड. दोन वर्षांचा, मोठी खोली. १२ ला.
इ. आमच्या ताई. १२ ला. मोठ्या खोलीतले लंगोट त्याच बदलतात. १२ आणि १३ दोन्ही दिवस कामावर होत्या, १४ पासून रजेवर.
फ. नऊ महिन्यांचं बाळ, छोटी खोली. १९ ला.

गोठ्यात फक्त अ गेला होता. आणि एक सांगायचं राहिलं. ४ तारखेला सकाळी, अ ला घरी पाठवायच्या आधी, उकडत होतं म्हणून चौघांना फुगवायच्या टबात पाण्यात खेळवलं होतं. अ, ब, क आणि ड. लंगोटासकट.

सूक्ष्मदर्शी

हे "राहिलं" म्हणून शेवटी आलं, पण ताई, ही यादीतली सगळ्यात मोठी ओळ आहे. प्रामाणिकपणे सांगितलीत, बरं केलंत. बरेच जण ती गाळतात.

तारखा वाचू. ह्याचा उबवण काळ, म्हणजे किडा पोटात गेल्यापासून जुलाब लागेपर्यंतचा, साधारण सात दिवसांचा, कमीत कमी एक-दोन, जास्तीत जास्त बारा. अ गोठ्यात गेला आणि आठवड्याने आजारी पडला. पहिल्या तीन-चार आठवड्यांतली वासरं हा किडा अक्षरशः ओतत असतात, वरून धडधाकट दिसत असली तरी. मग ४ तारखेचा टब, आणि ११, ११, १२. पुन्हा आठवडा. एक मूल आणि सामायिक पाणी, आणि लंगोट पाणी अडवत नाही, गाळतो. दहा कवचबीजंसुद्धा एखाद्याला आजारी पाडायला पुरतात, टबात तर घोटभर पाणी पोटात गेलंच असणार. नळाच्या पाण्यातून आलं असतं तर दोन्ही खोल्यांतले आणि तुम्ही चौघी एकदम पडला असतात, आजूबाजूच्या घरांतही जुलाब असते. आजूबाजूला तसं काही नसेल तर तुमचं पाणी मला निर्दोष वाटतं. अर्थात हे मी कागदावरून बोलतोय.

ताईंनी ४ तारखेला अ चा लंगोट बदलला आणि बहुधा टबही उपसला, म्हणून १२. आता फ, ते बाळ. ते टबात नव्हतं, मोठ्या खोलीत जात नाही. १२-१३ ला जुलाब होत असताना ताई कामावर होत्या, आणि बाळ १९ ला. पुन्हा आठवडा. मला एकच विचारायचंय: तान्ह्यांच्या बाटल्या कोण भरतं?

चिमणघर

त्याच. दुपारी मोठी मुलं झोपली की त्या छोट्या खोलीत जातात.

काका, त्यांना मी विचारलं, तुम्ही आजारी असताना आलात का? त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, सुट्टीचे पैसे कापले जातात ना. नियम मीच केलेला.

एक_किडनी_उसनी

मी इथे फारसा लिहीत नाही. माझी किडनी प्रत्यारोपित आहे, आणि हा आजार मला नातवाकडून झाला होता. त्याला आठ दिवस, मला सात आठवडे. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांत हा नुसता जुलाब राहत नाही. वजन ९ किलो उतरलं. वर जुलाबामुळे माझ्या टॅक्रोलिमसची, म्हणजे अशाच एका औषधाची, रक्तातली पातळी वाढली, त्याने नव्या किडनीलाच धोका, म्हणून दर दोन दिवसांनी रक्त द्यायला जायचो. नातवाच्या पाळणाघरात साथ होती हे आम्हाला नंतर तिसऱ्याच कुणाकडून समजलं. ताई, तुम्ही सगळ्या पालकांना कळवलंत का, की फक्त आजारी मुलांच्या? ज्यांच्या घरी केमोथेरपी चालू आहे, एचआयव्ही आहे, प्रत्यारोपण झालंय, त्यांना कळणं सर्वांत गरजेचं आहे. ते तुम्हाला आपलं दुखणं सांगणार नाहीत. तेव्हा चिठ्ठी सरसकट सगळ्यांना द्या, मुलाचं नाव न घालता.

सूक्ष्मदर्शी

वरच्या प्रतिसादाला माझा पूर्ण पाठिंबा. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराचं हेच झालं होतं. १९९३ च्या मार्च-एप्रिलमध्ये तिथल्या नळाच्या पाण्यातून सुमारे ४,०३,००० लोक आजारी पडले. पाण्यात क्लोरीन नियमाप्रमाणे होता. एका केंद्रातली गाळणी नीट चालली नाही, पाण्याचा गढूळपणा वाढला, आणि किडा क्लोरीनला हसत हसत घरोघरी पोचला. आधी लक्षात आलं ते दुकानांतली जुलाबाची औषधं संपायला लागली आणि शाळा-कचेऱ्यांत माणसं दिसेनात तेव्हा. निरोगी माणसं एक-दोन आठवड्यांत उठली. जे मेले त्यांत बहुतेक एड्सचे रुग्ण होते. तेव्हापासून पाणीवाले क्लोरीनपेक्षा गाळणीवर आणि अतिनील दिव्यावर भरवसा ठेवतात. अतिनील किरणांना मात्र हे कवच टिकत नाही, आणि पाणी खळखळून एक मिनिट उकळलं तरी टिकत नाही.

विषयांतर करतो, पण राहवत नाही: २००८ मध्ये इंग्लंडमध्ये पिट्सफर्डच्या जलशुद्धीकरण केंद्रात शुद्ध केलेल्या पाण्याच्या टाकीत एक ससा पडला, आणि सुमारे अडीच लाख लोकांना पाणी उकळून प्यायला सांगावं लागलं. किड्याचा जनुकीय प्रकार सशांमधला निघाला, म्हणून मूळ सापडलं. नमुने जपून ठेवायला सांगतात ते ह्यासाठी.

आता काम. आधी स्थानिक आरोग्य विभागाला आजच फोन करा. एकमेकांशी संबंध असलेले दोन रुग्ण झाले की ती साथ, तुमच्याकडे सहा आहेत. घाबरू नका, टाळं ठोकायला येत नाहीत. ही यादी तशीच त्यांच्या हातात द्या, त्यांचे चार दिवस वाचतील. त्यात गोठाही सांगा, मामाकडची माणसं आजारी आहेत का ते त्यांना विचारू द्या.

सफाईत मारण्यापेक्षा काढून टाकणं महत्त्वाचं. साबणाच्या पाण्याने घासायचं, भरपूर पाण्याने धुवायचं, मग कोरडं. ओल ह्याला महिनोन्‌महिने जगवते, कोरडेपणा काही तासांत मारतो. त्यामुळे तुमचा ओला पोछा हाच सगळ्यात मोठा गुन्हेगार असू शकतो. लंगोट बदलायची गादी आणि धुता येणारी खेळणी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने पूर्ण भिजवून २० मिनिटं ठेवा, मग धुवा. कपडे, चादरी ५० अंशांच्या पाण्यात किमान पाच मिनिटं राहतील असं बघा आणि कडकडीत वाळवा. मऊ बाहुल्याही त्यातच. हातांना साबण आणि वाहतं पाणी, मुलांच्याही, लंगोट बदलल्यावर बाळाच्यासुद्धा. बाळाचे हात सगळे विसरतात.

आणि जी बाई लंगोट बदलते तिने त्या दिवशी बाटली भरायची नाही. चौघी आहात, वाटणी जमेल. आजारी ताईंना शेवटच्या जुलाबानंतर ४८ तास घरी बसवा. पगाराचं तुम्ही स्वतःच लिहिलंत, त्यावर मी काही बोलत नाही.

फ बाळाचं कसं आहे? नऊ महिने म्हणजे अंगातलं पाणी झपाट्याने उतरतं. लंगोट ओले होणं कमी झालं, रडताना डोळ्यांत पाणी नाही, टाळू खोल गेली, मलूल पडलं, तर वाट न बघता दवाखाना. ओआरएस घोट घोट, आईचं दूध चालू. झटपटरावांच्या जुलाब थांबवायच्या गोळ्या इतक्या लहानांना द्यायच्याच नाहीत. ह्यावर नायटाझोक्सानाइड म्हणून औषध आहे, ते वर्षावरच्या मुलांसाठी मंजूर आहे, आणि धडधाकट मुलं बहुतेक त्याशिवायच बरी होतात. द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील.

झटपट

गोळ्यांचं मागे घेतो. मला माहीत नव्हतं.

चिमणघर

आरोग्य विभागाच्या बाई आज येऊन गेल्या. यादी बघून म्हणाल्या, ही कुणी शिकवली? त्यांनी ताईंचा आणि बाळाचा नमुना मागितलाय, प्रकार तपासायला. मामाकडेही फोन केला, तिथे मामींना गेल्या आठवड्यात जुलाब होते, त्यांनी हवामानावर ढकललं होतं.

चिठ्ठी बावीसच्या बावीस घरी दिली. संध्याकाळी एका वडिलांचा फोन आला. त्यांच्या पत्नीची केमोथेरपी चालू आहे, मला माहीतच नव्हतं. ते मूल महिनाभर घरी ठेवणार म्हणाले, आणि आभार मानले. मला वाटलं होतं ओरडतील.

बाळ बरं आहे, रात्रीपासून पाच लंगोट ओले. ताईंना पगारासकट घरी बसवलंय. सोमवारी उघडायचं ठरतंय, ज्यांचे ४८ तास झाले त्यांच्यासाठी. पोहायला जाणारं कुणी नाही, विचारून घेतलं. सॅनिटायझर काढलं, तिथे साबणाची वडी आणि छोटं स्टूल ठेवलंय. टबाचं काय करू? फेकून देऊ?

सूक्ष्मदर्शी

कशाला फेकता. साबणाने आतून-बाहेरून घासा, धुवा, आणि कडक उन्हात उघडा करून पुरता वाळू द्या, चार तास तरी. घड्या-चुण्यांत ओल राहते, त्या उलगडून ठेवा. नंतर वापराल तेव्हा दर खेपेला पाणी नवं. आणि ज्याची शी त्या दिवशी पातळ आहे, त्याला काठावर बसवून मगातून पाणी ओतायला द्या. पोरं त्यातही तासभर रमतात.